थंडीत परसातला स्वयंपाक: चूल की गॅसची शेगडी?
डिसेंबरात सोलापुरात पहाटे जरा गारठा पडला की आमचा स्वयंपाक परसात येतो, एप्रिलात 42 डिग्रीला तिथं उभं कोण राहणार! चूल आणि गॅसची शेगडी, दोन्ही आहेत. ज्वारीची भाकरी मात्र चुलीवरच, तव्यावरून काढून आरावर उभी केली की टम्म फुगते आणि शेकत शेकत गप्पा पण होतात, पण सरपण रात्री दवात राहिलं की सकाळी नुसता धूर, डोळे चोळत बसा, म्हणून आम्ही ते पत्र्याखाली विटांवर रचतो. चूल अधूनमधून सारवायची, भेगा मातीनं बुजवायच्या, आणि ओल्या चुलीत एकदम जाळ घालायचा नाही, तडकते.

शेगडी चहाला बेस्ट. वारं सुटलं की ज्योत विझते म्हणून तीन बाजूंनी पत्रा लावलाय, सिलेंडर त्याच्या बाहेर. मोठा बर्नर बराच वेळ चालला की सिलेंडर गार पडतो, बाहेरून पाणी सुटतं, संपत आलेला असला तर ज्योत पण बारीक होते. सासूबाई त्यावर उकळतं पाणी ओतायला निघाल्या होत्या, कसंबसं अडवलं!

हुरडा? तो आगटीतच, शेगडीवरचा आमच्यात कुणी तोंडात घालत नाही.