घरात जास्त कोण वापरणार ते बघून घेतलेला मायक्रोवेव्ह: जवळजवळ वर्षभराचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही २० लिटरचा साधा सोलो, म्हणजे भाजण्याची सोय नसलेला, मायक्रोवेव्ह घेतला. ७०० वॅट, पुढे दोन गोल बटणं, बास. आता गणपती तोंडावर आलेत, म्हणजे उन्हाळा, पावसाळा, सणवार, पाहुणे असं सगळं त्याने बघून झालंय. ओळखीत तीन-चार जणींनी ‘कुठला घेऊ’ म्हणून विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आमचं घर कोथरूडला. मी, नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासूबाई. आईंचं वय ७८, दुपारी घरात त्या एकट्याच असतात. हात थोडे थरथरतात, म्हणून एकटं असताना गॅस पेटवू नका असं आम्हीच त्यांना सांगितलं होतं. परिणाम असा झाला की त्या दुपारची आमटी-भाजी थंडच जेवायला लागल्या. “मला चालतं गं” म्हणायच्या, पण मला ते अजिबात चालत नव्हतं. केक, पिझ्झा, तंदुरी हे काही आमच्या डोक्यात नव्हतं. एका माणसाने दुपारी एक वाजता, कुणाच्याही मदतीशिवाय, एक वाटी आमटी आणि थोडा भात गरम करून घ्यावा, एवढ्यासाठी मायक्रोवेव्ह हवा होता. आणि माझं अनुभवाने पक्कं मत झालंय की निवड इथूनच सुरू व्हायला हवी: हे यंत्र घरात एकट्याने कोण वापरणार?

दुकानात मात्र बोलणं सुरू होतं लिटर आणि ‘ऑटो कुक मेनू’पासून. शंभराच्या वर पदार्थ, पोह्यांपासून पनीर टिक्क्यापर्यंत, नंबर दाबला की तयार. हे मेनू ठरावीक वजनाला आणि ठरावीक भांड्यालाच लागू पडतात. पोहे आज दोघांचे, उद्या पाच जणांचे. त्यात कोण वजन करत बसतं? आम्ही आईंना सोबत नेलं होतं. सेल्समनला म्हटलं, तुम्ही काही सांगू नका, त्यांना एक मिनिट लावून बघू द्या. टच पॅनलवर आधी मोड, मग पॉवर, मग वेळ, मग स्टार्ट. काळ्या काचेवर करडी बारीक अक्षरं, बोटाला काही लागत नाही, दाबलं गेलं की नाही तेही कळत नाही. गोल बटणांच्या मॉडेलवर त्यांनी हात ठेवला आणि जुन्या रेडिओसारखं ते फिरवून मोकळ्या झाल्या. “याला आकडे दिसतात आणि हाताला कळतं,” म्हणाल्या. माझ्यासाठी खरेदी तिथेच झाली.

पण गोल बटणांची दुसरी बाजूही सांगते. यांत्रिक टायमरवर कमी वेळ नेमका लावता येत नाही. मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं की दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ हवा असेल तर आधी पुढे फिरवा आणि मग मागे आणा. तसं केलं तरी पंधरा सेकंद आणि पंचवीस सेकंद यांत फरक करणं कठीण. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वेळ शिल्लक असताना भांडं बाहेर काढलं आणि दार परत लावलं, की आमच्या मॉडेलमध्ये यंत्र पुन्हा चालू होतं, तेही रिकामं. रिकामा मायक्रोवेव्ह चालवू नये, कारण लहरी शोषून घ्यायला आत काहीच नसतं आणि त्या उलट मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागावर, येतात. म्हणून आईंना पहिल्या दिवशीच सांगितलं की भांडं काढलं की बटण शून्यावर. त्या ते न चुकता करतात. घरात लहान मुलं असतील आणि तीच जास्त वापरणार असतील, तर मी गोल बटणांचा आग्रह धरणार नाही; तिथे डिजिटल पॅनल आणि चाइल्ड लॉक घ्या.

आता प्रत्यक्ष वापर. एक वाटी आमटी फ्रिजमधली असेल तर आमच्याकडे दीड ते दोन मिनिटं लागतात, मध्ये एकदा ढवळून. हे ढवळणं सोडायचं नाही. मायक्रोवेव्हच्या लहरी २४५० मेगाहर्ट्झच्या असतात, एका लाटेची लांबी साधारण १२ सेंटिमीटर. आतल्या धातूच्या भिंतींवर आपटून त्या एकमेकींत मिसळतात, त्यामुळे काही जागी जोर जास्त आणि काही जागी अगदी कमी. मुलीने हे एकदा करून दाखवलं. फिरती ताटली काढून सपाट काचेच्या ट्रेवर उडदाचे पापड पसरले आणि जेमतेम अर्धा मिनिट चालवलं. पापडांवर काही ठिकाणी फुललेले ठिपके, मधला भाग कच्चा. ताटली फिरते ती याचसाठी. म्हणून वाटी ताटलीच्या बरोबर मध्यभागी न ठेवता कडेला ठेवली तर जास्त सारखी तापते; मध्यभागी ठेवली तर ती जागच्या जागीच फिरत राहते. लहरी पदार्थात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात, त्यापुढची उष्णता आपली आपण आत झिरपते. भाताचा मोठा ढीग असेल तर मध्ये खड्डा करून कडेला पसरायचा, वर चमचाभर पाणी शिंपडायचं, झाकायचं आणि झाल्यावर मिनिटभर तसाच राहू द्यायचा. शिळा भात यात जितका मऊ होतो तितका गॅसवर कधीच झाला नाही.

पोळीचं मात्र वाईट आहे. नुसती ठेवली तर काढल्या काढल्या मऊ वाटते आणि दोन घास होईपर्यंत चामट होते, कारण तिच्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं. ओलसर पंचात गुंडाळून थोडा वेळ ठेवली आणि लगेच खाल्ली तर ठीक. आम्ही पोळ्या डब्यात सुती कापडात ठेवतो, आई तशाच खातात. ज्यांना पोळी गरमच हवी असते त्यांनी मायक्रोवेव्हवर भिस्त ठेवू नये, तव्याला पर्याय नाही. फोडणीही यात करायच्या भानगडीत पडू नका. तेल यात पाण्यासारखं पटकन तापत नाही, मोहरी कधी तडतडेल याचा अंदाज येत नाही. भरताचं वांगं शिजतं छान, पण निखाऱ्याचा किंवा गॅसचा तो वास नाही, मग ते भरीत कसलं?

आणि शेंगदाणे! मला कुणी विचारलं की मराठी घरात मायक्रोवेव्ह कशासाठी, तर मी आधी शेंगदाणे म्हणेन. आमच्याकडे दाण्याच्या कुटाशिवाय आठवडा जात नाही. कढईत मंद आचेवर उभं राहून हलवत बसायचं, फोन आला की एक बाजू करपली, हे सगळं संपलं. दोन वाट्या दाणे काचेच्या पसरट भांड्यात, एकेक मिनिट लावायचं आणि दर वेळी हलवायचं. चार-पाच मिनिटांत होतात. एकच गोष्ट लक्षात ठेवायची: दाणे बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेने भाजले जात राहतात, म्हणून हवे त्यापेक्षा थोडे फिके असतानाच काढायचे. गार झाले की सालं तळव्यात चोळली तरी निघतात. रवा, सुकं खोबरं, तीळ, चटणीसाठी कढीपत्ता, सगळं याच पद्धतीने, फक्त वेळ त्याहून कमी. पावसाळ्यात सादळलेले पोहे आणि पापडही यात पुन्हा कुरकुरीत होतात. उपासाच्या दिवशी बटाटे किंवा रताळी काट्याने टोचून ठेवते. टोचायला विसरायचं नाही, सालीत कोंडलेली वाफ फुटते. अंड्याचंही तेच, उकडलेलं अख्खं अंडं पुन्हा गरम करायला ठेवू नये, ते बाहेर काढल्यावर हातातसुद्धा फुटू शकतं.

भांड्यांचा विचार आधी कुणी सांगत नाही. आपल्या फ्रिजमध्ये सगळं स्टीलच्या पातेल्यांत आणि डब्यांत असतं, आणि स्टील यात चालत नाही. म्हणजे रोज काढा, घाला, गरम करा, आणि घासायला एक भांडं जास्त. मी रात्रीच आईंच्या वाटणीची आमटी-भाजी उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेच्या झाकणाच्या डब्यांत काढून ठेवते, तेच डबे सरळ आत जातात. तुळशीबागेतून आणलेले मेलामाइनचे छान नक्षीदार बाउल यात घालायचे नाहीत, ते स्वतःच तापतात आणि पदार्थात उतरण्याचीही भीती. सोनेरी कडेचे कप ठिणग्या पाडतात. हॉटेलातून येणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यांत मी काहीच गरम करत नाही, खाली त्रिकोणात ५ आकडा (मायक्रोवेव्हला चालणारं समजलं जाणारं प्लॅस्टिक) असला तरी. तेलकट रस्सा पाण्यापेक्षा खूप जास्त तापतो आणि ते प्लॅस्टिक किती सोसेल याचा भरवसा मला वाटत नाही. घ्यायच्या आधी मोजपट्टी घेऊन जा आणि आतल्या काचेच्या ताटलीचा व्यास मोजा. लिटरपेक्षा तो आकडा खरा. तुमचं नेहमीचं मोठं भांडं, कानांसकट, आत अडकल्याशिवाय फिरलं पाहिजे.

वायरिंगचं सांगते. आमची सोसायटी ऐंशीच्या दशकातली, ओट्यावर साधे ६ अँपिअरचे पॉइंट. सोलो मायक्रोवेव्हवर ७०० वॅट लिहिलेलं असतं ते पदार्थाला मिळणारं. विजेच्या लाइनवरून तो साधारण १,१०० ते १,२०० वॅट ओढतो, म्हणजे पाचेक अँपिअर. कन्व्हेक्शनचं, म्हणजे गरम हवेने भाजणारं, मॉडेल २,००० वॅटच्या पुढे जातं, म्हणजे नऊ-दहा अँपिअर. प्लग मात्र सोलोलाही जाड पिनांचाच आला. अॅडॉप्टर लावून भागवण्यापेक्षा वायरमनला बोलावून मेनपासून वेगळी जाड वायर आणि अर्थिंगसह १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट करून घेतला. त्याच लाइनवर मिक्सर किंवा इंडक्शन नाही. जुन्या वाड्यात किंवा जुन्या इमारतीत राहत असाल तर हा खर्च मायक्रोवेव्हच्या किमतीतच धरा. बिलाची भीती अनेकांना असते, ती अनाठायी. १,२०० वॅट पाच मिनिटं म्हणजे ०.१ युनिट. रोज पंधरा मिनिटं वापरला तरी महिन्याला नऊ युनिट. लाइट गेल्यावर मात्र घरच्या बॅटरीवर तो चालवायचा विचार करू नका, पंखे-दिव्यांसाठी घेतलेल्या लहान इन्व्हर्टरला तो झेपत नाही.

नवा घेतल्यावर एक तपासणी करून ठेवा. एक लिटर साधं पाणी काचेच्या भांड्यात, पूर्ण पॉवरवर बरोबर दोन मिनिटं. थर्मामीटरने आधी आणि ढवळून नंतर तापमान बघा. ७०० वॅटच्या यंत्राने ते २० अंशांच्या आसपास वाढायला हवं. पुढेमागे पदार्थ तापायला वेळ लागतोय असं वाटलं तर हीच तपासणी पुन्हा करता येते. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की आमच्याकडे वेळ थोडा जास्त लागतो, तो यंत्राचा दोष नाही.

पावसाळ्यात एकदा आतून चटचट आवाज आला आणि ठिणगी दिसली. लगेच बंद केला. आत उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा दिसणारा अभ्रकाचा पातळ पत्रा असतो, लहरी त्यामागून येतात. त्यावर आमटीचे शिंतोडे उडून वाळले होते आणि तिथेच जळून काळा डाग पडला होता. मेकॅनिकने नवा पत्रा कापून बसवला, किरकोळ खर्चात काम झालं. त्यानंतर नियम केला की झाकल्याशिवाय काहीही आत जाणार नाही आणि रात्री ओटा पुसताना त्याचं आतलं अंगही ओल्या फडक्याने पुसायचं. पत्र्याला घासणी लावायची नाही. पण बाहेरचं कव्हर उघडून स्वतः दुरुस्ती करायला कुणीही जाऊ नये, प्लग काढलेला असला तरी. आतल्या कपॅसिटरमध्ये हजारो व्होल्टचा भार राहिलेला असू शकतो आणि तो जीवघेणा असतो. मागच्या जाळीतून झुरळं आत शिरतात हेही खरं आहे. तिथे ऊब असते. म्हणून यंत्र भिंतीला चिकटवून ठेवू नका आणि त्याच्यावर कापड, डबे, वर्तमानपत्रं ठेवून वाफेची वाट अडवू नका.

कन्व्हेक्शन घ्यावा का? माझ्या जाऊबाई बाणेरला राहतात, त्यांच्याकडे २८ लिटरचा आहे आणि त्या खरोखर वापरतात. केक, नानकटाई, भाजलेल्या भाज्या. १८० अंशांना तापवायला दहाएक मिनिटं, मग भाजणं, आणि झाल्यावर आतलं सगळं तापलेलं, त्यामुळे लगेच फ्रीजरमधले मटार मऊ करायला ठेवता येत नाहीत. धातूचा केकचा डबा नुसत्या कन्व्हेक्शनवर चालतो, मायक्रोवेव्ह मोडवर नाही. कुणी चुकीचं बटण दाबलं तर पंचाईत, आणि आमच्या घरात दुपारी एकट्या असणाऱ्या आईंसाठी मला ही शक्यताच नको होती. किंमतही सोलोच्या दुप्पट किंवा जास्त. महिन्यातून दोन-तीनदा तरी भाजणार असाल तर घ्या, जागा असेल तर त्यासाठी वेगळा ओटीजी (भाजण्यासाठीचा विजेवरचा ओव्हन) त्याहून चांगला. वर्षातून एकदा दिवाळीच्या नानकटाईसाठी तो घेऊ नका. पेठेत अजून अशा बेकऱ्या आहेत ज्या आपलं पीठ नेऊन दिलं की भट्टीत भाजून देतात. ग्रिलचं मधलं मॉडेल मला तरी कुणाच्याच उपयोगाचं दिसलं नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. २० ते २३ लिटरच्या सोलोमध्ये आत जवळपास सारखंच काम होतं. त्यापेक्षा तुमच्या भागात सर्व्हिस सेंटर कुठे आहे, मॅग्नेट्रॉनवर वेगळी वॉरंटी किती वर्षांची आहे आणि बिलावर मॉडेल नंबर नीट लिहिलाय का, हे दुकानातच विचारून घ्या. आणि ज्यांच्यासाठी घेताय त्यांना सोबत न्या, दार उघडायला लावा. काही दारांना इतका जोर लागतो की म्हाताऱ्या माणसाच्या एका हाताने ती उघडत नाहीत आणि दुसऱ्या हातात गरम वाटी असते. आमच्याकडे ओढायची मूठ नाही, खाली दाबायचं रुंद बटण आहे. ते आईंना जमतं.