पोकळ नळ्यांचा लॉन एरेटर: गणपतीपासून शिमग्यापर्यंत

आधी निकाल सांगते, कारण बऱ्याच जणांना तेवढाच हवा असतो. लॉनची दबलेली जमीन भोकं पाडून मोकळी करणारं हे अवजार उपयोगाचं आहे. बनवणाऱ्याने ते काळ्या मातीत एकदाही घालून पाहिलेलं नाही. आणि वॉरंटी फक्त खोक्यावर छापण्यापुरती आहे. पुढचं ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी.

रचना सगळ्यांना माहीत आहेच. खाली दोन पोकळ नळ्या, वर पाय द्यायची आडवी पट्टी, कमरेपर्यंत दांडा. पाय देऊन दाबलं की नळीत मातीची कांडी शिरते आणि पुढच्या दाबाला ती वरच्या तोंडातून बाहेर पडते. म्हणजे पडायला हवी.

आमच्या घरात आधी लॉनवर घालून चालायच्या, तळाला खिळे असलेल्या चपलांचा आग्रह होता, कारण त्या स्वस्त. मी नाही म्हटलं. भरीव खिळा माती काढत नाही, बाजूला दाबतो. भोक दिसतं, पण भोकाच्या भिंती आणखी घट्ट होतात. दबलेली जमीन मोकळी करायची तर थोडी माती बाहेर यायलाच हवी, म्हणून पोकळ नळ्या. किंमत साडेतीन हजारांच्या आत होती, तरी दुखली.

आमचं लॉन पुण्यात हडपसरला, बंगल्यापुढे, 'सिलेक्शन वन' नावाच्या हरळीच्या जातीचं. वर विकत आणलेली लाल माती, खाली मूळची काळी. गणपतीत मांडव तिथेच, खुर्च्या तिथेच, आरतीला सगळी सोसायटी तिथेच. विसर्जनानंतर मधला भाग पाहवत नाही: पाणी साचून राहतं, कडेला शेवाळ, हरळीची मुळं वरच्या वर. परदेशातले नातेवाईक सप्टेंबरात एरेटर फिरवून बी टाकल्याचे व्हिडिओ पाठवतात. पण त्यांचं गवत थंडीत वाढणारं, फेस्क्यू आणि ब्लूग्रास. उन्हाळा ओसरला की त्याला जोर चढतो, म्हणून तिकडे ते दिवस. आपली हरळी आणि तिची भावंडं उन्हात आणि पावसात वाढतात, डिसेंबरात पिवळी पडून गप्प बसतात. पुस्तकाप्रमाणे आपल्याकडे हे काम जून-जुलैचं.

पुस्तक लिहिणाऱ्याने जुलैत काळ्या मातीत पाय घालून बघावा. ती माती भिजली की फुगते आणि चपलेसकट पाय धरून ठेवते. मे महिन्यात तिला भेगा पडतात आणि पहार आपटली तर आवाज येतो. नळी आत जाईल आणि कांडी अखंड बाहेर येईल असे दिवस म्हणजे पाऊस परतल्यावर वाफसा येतो (माती ना चिखल, ना कोरडी) ते, साधारण दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत. म्हणून ऑक्टोबर.

खंडेनवमीला कोयत्या-खुरप्यांबरोबर एरेटरलाही हळदकुंकू आणि झेंडू वाहिला, दसरा झाला, आणि दुसऱ्या दिवशी कामाला काढला.

आता त्या नळ्या. पहिल्या चार-पाच दाबांना कांड्या छान पडल्या. मग एक नळी बंद. मग दुसरी. मग दोन्ही. बंद नळी घेऊन दाबलं की ती भरीव खिळाच झाली, म्हणजे ज्या खिळ्यांना मी नाही म्हटलं होतं तेच काम आता महागात चाललेलं. दर थोड्या वेळाने यंत्र आडवं करायचं, सळई घालायची, ठोकायचं, कांडी बाहेर काढायची. नळीला आतून तेल लावलं, पाण्यात बुडवून पाहिलं. बादलीत बुडवत राहिलं की थोडा फरक पडतो, पण मग नळीच्या बाहेर चिखल बसतो. खोक्यावरच्या चित्रात एक हसरी बाई पांढऱ्या पँटमध्ये हे काम करते आहे. माझ्या हातात सळई होती आणि कोपरापर्यंत माती.

माळीमामा कडेला उभे राहून बघत होते. म्हणाले, "ताई, पहारीनं भोकं पाडून देतो की. सळई तरी घालावी लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी पाय देताना कट्‌ असा आवाज आला आणि आडवी पट्टी एका बाजूने सुटली. वेल्डिंग म्हणजे नुसते दोन टाके होते, वर काळा रंग मारलेला. तक्रार केली. आधी फोटो मागितला. मग व्हिडिओ. मग 'वापरताना तुटत असल्याचा' व्हिडिओ. तुटलेली वस्तू पुन्हा तुटताना कशी दाखवायची ते मी विचारलं, त्यावर तक्रार 'निवारण झाली' म्हणून बंद. पुन्हा उघडली. आता उत्तर आलं, कठीण जमिनीत वापर केल्यास वॉरंटी लागू नाही. अहो, जमीन मऊ असती तर एरेटर कशाला घेतला असता? यावर अजून उत्तर नाही. पुढच्या खरेदीवर शंभर रुपयांचं कुपन मात्र आलं.

इथपर्यंतचं दिवाळीआधीच लिहून ठेवलं होतं, एक तारा देऊन. खोडत नाही, कारण त्या दिवसापुरतं ते बरोबरच आहे. पण पुढे जे झालं त्याने माझं मत बदललं.

रामटेकडीला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे पट्टी जोडायला नेली. त्याने पट्टी जोडली, खाली दोन त्रिकोणी आधार लावले, आणि मग नळीत बोट घालून विचारलं, "ताई, याच्यात माती अडकते ना?" मी न सांगता. त्याचं म्हणणं असं: नळी वरपासून खालपर्यंत एकाच मापाची आहे. तोंडाशी जेवढी रुंद, तेवढीच आत. म्हणून कांडी आत शिरताना भिंतीला घट्ट घासते आणि तिथेच बसते. तोंड आतल्यापेक्षा किंचित अरुंद हवं, म्हणजे कापलेली कांडी आत गेली की सैल होते आणि वर सरकते. त्याने दोन्ही तोंडं गरम करून थोडी आत घेतली, धार बाहेरच्या बाजूने घासून काढली, आणि प्रत्येक नळीला एका बाजूने लांबट खिडकी कापली. अडकलीच तर खिडकीतून बोटाने ढकलायची, सळई नको. सगळ्याचे साडेतीनशे रुपये. कारखान्यात याच नळ्या बनवताना तोंड थोडं दाबून घ्यायला किती खर्च आला असता? मला वाटतं, कुपनापेक्षा कमी.

त्यानंतर यंत्र चाललं. शंभर टक्के नाही. माती ओली असेल तर अजूनही अडकते. पण मूठभर माती दाबून गोळा होतो आणि बोट लावलं की फुटतो, अशा वेळी घेतलं तर कांड्या टपटप पडत जातात. दोन-तीन इंच खोल भोकं, एकमेकांपासून साधारण तेवढ्याच अंतरावर. आदल्या दिवशी हलकं पाणी द्यायचं. कांड्या गोळा करू नका, वाळल्या की खराट्याने फुटतात आणि परत लॉनमध्येच जातात. अपवाद लव्हाळा या तणाचा. जिथे लव्हाळा आहे तिथल्या कांड्या उचला, त्यातल्या गाठी गेल्या तिथे रुजतात. मामांनी हे सांगितलं नसतं तर आज सगळीकडे लव्हाळाच असता.

आता बियांचं. सिलेक्शन बियांपासून लावत नाहीत, त्याच्या काड्या टोचतात. त्यामुळे विरळ जागी टाकायला बर्म्युडाचं, म्हणजे हरळीचंच, बी आणलं. पातं थोडं वेगळं दिसतं, जवळून पाहिलं तर ओळखू येतं. आमच्याकडे लॉन जवळून बघायला कोणी येत नाही. बी इतकं बारीक की वाऱ्यावर जातं. कोरड्या वाळूत मिसळून अर्धं उभं आणि अर्धं आडवं फेकलं. भोकं मात्र त्याआधीच चाळलेलं गांडूळखत आणि क्रश सँड यांनी वरपर्यंत भरून घेतली, कारण हे बी तीन इंच खाली गेलं तर वर येतच नाही, जेमतेम झाकलं जाईल इतकंच खोल हवं. कच्चं शेणखत घालू नका. स्वस्त पडतं, पण तण आणि मुळं खाणारी हुमणी अळी त्याच्याबरोबरच येतात.

सपाट जागेवरचं बरंचसं बी मुंग्यांनी नेलं. रांगच्या रांग, भिंतीच्या कडेने, भरदुपारी. जे भोकांच्या तोंडाशी पडलं तेच उगवलं. दिवाळी संपता संपता लॉनवर ओळीने हिरवे ठिपके, गादीच्या टाक्यांसारखे. घरचे हसले. मला आवडलं, कारण प्रत्येक ठिपका म्हणजे मी दाबलेला एक पाय होता. तोवर दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी द्यावं लागलं, आणि गुरुवारी पाणी बंद असलं की बादल्या आधी भरून ठेवायच्या. टँकरचं पाणी लॉनला घालायचं नाही हा घरातला नियम आहे आणि तो मीच केला आहे.

मामा म्हणाले होते, "थंडी धरायच्या आत टाका, नाहीतर सरळ मृगात." ते खरं निघालं. दसऱ्याच्या आठवड्यात टाकलेलं नीट बसलं. दिवाळीनंतर आंब्याकडच्या बाजूला टाकलेलं उगवलं, पण रात्री गार झाल्या आणि रोपं तेवढीच राहिली. शिवाय तिथे सावली. सावलीत हरळी होत नाही, त्याला एरेटर काय करणार.

शिमग्याला पाहिलं तर मधला भाग भरून आला होता. ठिपके एकमेकांना जाऊन मिळाले आहेत आणि नळीने पाणी सोडलं की साचत नाही, जिरतं. हा फरक मोठा आहे, आणि तो बियांपेक्षा भोकांचा आहे असं माझं मत. घरच्यांचं मत बियांचं. पुढच्या वर्षी अर्ध्या लॉनला नुसती भोकं पाडून बघणार आहे.

घ्यावं का? पाचशे-सहाशे चौरस फुटांपर्यंत घ्या, त्यापुढे पाय भरून येतात. विकत घेण्याआधी नळीच्या तोंडात बोट घाला आणि वरच्या बाजूनेही घाला. दोन्हीकडे सारखंच घट्ट लागलं तर दुकानदाराला परत द्या, किंवा किमतीत साडेतीनशे धरून चाला. मुरूम असेल तर नळ्या वाकतील, तिथे पहारच बरी. तारे आता तीन. चौथा पट्टीच्या वेल्डिंगला राखून ठेवला होता, तो रामटेकडीला गेला.