एल्कच्या हंगामासाठी पाठीवर वाळू : फ्रेमची सॅक, पाण्याचा कॅन आणि लाकडी खोका, 24 आठवड्यांच्या वापरानंतर

आधी सामान सांगतो. मांस वाहण्यासाठी बनवलेली फ्रेमची सॅक (रिकामी 2.7 किलो), हार्डवेअरच्या दुकानातली 50 पाउंडांची, म्हणजे साधारण 23 किलोची वाळूची पिशवी, 20 लिटरचा घडी होणारा पाण्याचा कॅन, 18 मिलिमीटर प्लायवूडचा खोका आणि हृदयगती मोजणारा छातीचा पट्टा. वापर एप्रिलपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात सप्टेंबरमध्ये धनुष्यबाणाने एल्कची (मोठ्या जातीच्या हरणाची) शिकार करण्याचा जो हंगाम असतो, त्याच्या तयारीसाठी. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे हा अनुभव अमेरिकेत रीतसर टॅग (शिकारीचा परवाना) काढून एल्कमागे जाणाऱ्यांच्या कामाचा. हिमालयातल्या ट्रेकची तयारी करणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

निकाल आत्ताच देतो. सॅकवर घातलेले पैसे वसूल झाले, पण पायांना खरा फायदा झाला तो खोक्याचा आणि उताराचा. छातीचा पट्टा घेण्यासारखा आहे. वाळू स्वस्त आहे आणि पुरेशी आहे, पण एका बाबतीत ती फसवते. ते पुढे येईलच.

किती वजनाची तयारी करायची हे आधी कागदावर मांडा. पूर्ण वाढलेल्या नर एल्कचं हाडं काढलेलं मांस साधारण 90 किलो धरा. डोकं आणि शिंगं न्यायची असतील तर ते ओझं वेगळं. कोलोरॅडोत खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येणं गुन्हा आहे. चारही पाय, पाठीच्या मांसाचे पट्टे आणि आतले मऊ तुकडे बाहेर काढावेच लागतात. एकट्याने 25 किलोंच्या आसपास उचलायचं म्हटलं तर चार खेपा होतात. गाडी 3 किलोमीटरवर असेल तर चार वेळा भरलेलं जाणं आणि तीन वेळा रिकामं परतणं, असं एकूण 21 किलोमीटर चालणं, त्यातलं 12 किलोमीटर ओझ्यासकट. सप्टेंबरमध्ये दुपारी चांगलं ऊन असतं आणि मांस खराब होतं, त्यामुळे या खेपा आरामात दोन-तीन दिवसांत करू म्हणून चालत नाही. हे सगळं येतं ते आधीचे चार-पाच दिवस पहाटेपासून डोंगर चढून पाय थकलेले असताना. जिममध्ये तासभर घाम गाळून याची तयारी होत नाही, कारण तिथे तिसऱ्या तासाला, पाठीवर वजन घेऊन, उतरताना काय होतं हे कधी तपासलंच जात नाही.

सॅक

या प्रकारच्या सॅकमध्ये फ्रेम आणि पिशवी यांच्यात फट उघडते आणि वजन तिथे, पाठीला चिकटून बसतं. साध्या ट्रेकिंग सॅकमध्ये 20 किलोच्या पुढे वजन मागे ओढायला लागतं, मान पुढे जाते आणि खांदे भरून येतात. इथे 27 किलोपर्यंत तसं झालं नाही, पण पट्टे नीट लावले तरच. सॅकच्या तक्रारींपैकी निम्म्या तक्रारी प्रत्यक्षात पट्ट्यांच्या असतात, असं आमचं मत आहे.

हिप बेल्ट कमरेला बांधायचा नाही, खुब्याच्या हाडावर बांधायचा. बेल्टचा मध्य हाडाच्या वरच्या कडेवर यायला हवा. क्रम असा : सॅक पाठीवर घ्या, खांदे वर उचला, बेल्ट घट्ट करा, खांदे सोडा, मग खांद्यांचे पट्टे नुसते टेकतील इतपत ओढा, शेवटी खांद्यावरून फ्रेमकडे जाणारे वरचे छोटे पट्टे. हे छोटे पट्टे साधारण 45 अंशांत वर जायला हवेत. ते आडवे दिसत असतील तर पाठीची लांबी आखूड लावली आहे. वजनाचा तीन चतुर्थांश भार तरी खुब्यावर आला पाहिजे. अर्ध्या तासात बोटांना मुंग्या आल्या तर थांबा. काखेतून जाणाऱ्या नसा खांद्याच्या पट्ट्याखाली दबतात तेव्हा हे होतं, आणि 'सवय होईल' म्हणून रेटलं तर हात अनेक आठवडे कमजोर राहू शकतो.

या सॅकचा दोष : बेल्ट घसरतो. बेल्टचा फोम उन्हात गरम झाला की दबतो, आणि पंधरा-वीस मिनिटांनी बेल्ट दोन बोटं खाली आलेला असतो. दोष बक्कलचा नाही, फोमचा. उपाय म्हणून कमरेच्या खोलगट भागात जाड गादी लावली (वेगळी विकत मिळते) आणि निघाल्यावर दहा मिनिटांनी एकदा थांबून बेल्ट पुन्हा आवळायची सवय ठेवली. ज्यांचा खुबा अगदी सपाट आहे त्यांना तरीही त्रास होईल.

27 किलोची सॅक जमिनीवरून झटक्यात उचलून खांद्यावर टाकू नका. कंबर तिथेच जाते. एक गुडघा वाकवून सॅक मांडीवर घ्या, एक हात घाला, मग वळून दुसरा. एकटे असाल आणि जमीन तिरकी असेल तर चढाच्या बाजूला सॅक ठेवून तिच्यापुढे बसा, पट्टे लावा, ओणवे व्हा आणि काठ्यांवर भार देत उठा.

वाळू की पाणी

दुकानातल्या पिशवीचं प्लास्टिक दुसऱ्याच आठवड्यात फाटतं. पिशवी फोडून वाळू 5 किलोच्या चार पुरचुंड्या आणि उरलेल्या वाळूची एक अशी भरा. प्रत्येक पुरचुंडी दोन जाड पिशव्यांत, वरून रुंद चिकटपट्टी. वाळू कोरडी असू द्या. ओली वाळू वास मारते आणि वजनही चुकवते.

आता फसवणूक. वाळू दाट असते, 23 किलो वाळू जेमतेम 14-15 लिटर जागा घेते. तेवढंच मांस 22 लिटरच्या आसपास भरतं, ते मऊ असतं, हलतं, खाली सरकतं. त्यामुळे वाळूने 25 किलो सहज चालणारा माणूस तेवढ्याच मांसाखाली डगमगतो. यावर पाण्याचा कॅन हा उत्तम उपाय. पाण्याची घनता मांसाच्या जवळपास असते, आणि कॅन पूर्ण न भरता 15-16 लिटरच ठेवला तर पाणी हिंदकळतं आणि पोट-कमरेच्या बारीक स्नायूंना काम करावं लागतं. शेवटच्या आठ आठवड्यांत निम्मी वाळू, निम्मं पाणी हे मिश्रण सगळ्यात खरं वाटलं. वाळू वर, खांद्याच्या पात्यांच्या उंचीला, खाली रिकामी झोपायची पिशवी दाबून भरायची. वाळू तळाशी गेली की फ्रेम मागे झुलते.

खोका, आणि उतार का महत्त्वाचा

सगळे चढाची काळजी करतात. चढताना धाप लागते, उतरताना लागत नाही, म्हणून उतार सोपा वाटतो. पण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होता होता ब्रेक लावत असतो, आणि स्नायूच्या तंतूंची मोडतोड या कामात जास्त होते. दुखणं 24 ते 72 तासांनी शिखर गाठतं. म्हणजे पहिल्या दिवशी उतरलेला डोंगर तिसऱ्या दिवशी पायऱ्यांवर बसून उतरायला लावतो. चांगली गोष्ट अशी की एकदा असं काम केलं की त्याच स्नायूंना पुढचे काही आठवडे त्याचं संरक्षण मिळतं. त्यामुळे उतार थोडा थोडा, पण नियमित.

गिर्यारोहकांमध्ये एक युक्ती चालते : पाणी घेऊन चढा, माथ्यावर ओतून द्या, गुडघे वाचवा. पहिल्या आठ आठवड्यांत ती जरूर वापरा. नंतर नको. एल्क बहुतेकदा वर सापडतो आणि त्याचं ओझं खाली आणायचं असतं, त्यामुळे ओझ्यासकट उतरणं हाच पेपर आहे.

बाजारातले उड्या मारायचे खोके 50-60-75 सेंटिमीटरचे असतात. या कामाला ते निरुपयोगी. 20×30×45 सेंटिमीटरचा खोका सुताराकडून किंवा घरीच बनवा, म्हणजे फिरवून तीन उंची मिळतात. खाली रबराची चटई हवीच, नाहीतर गुळगुळीत फरशीवर तो निसटतो. व्यायाम एकच, आठवड्यातून दोनदा : खोक्यावर एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंदांत हळू जमिनीला टेकवायची, वर यायचं. प्रत्येक पायाला 8 वेळा, असे 3 फेरे. सुरुवात 20 सेंटिमीटरने, वजनाशिवाय. गुडघा आत पडत असेल तर उंची कमी करा, वजन वाढवू नका. सहाव्या आठवड्यापासून 30 सेंटिमीटर, दहाव्यापासून पाठीवर 10 किलो. जोडीला पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली, एकदा गुडघा सरळ आणि एकदा वाकवून, 15 च्या तीन फेऱ्या. पायरीवर नुसतं चढायचं असेल तर 30 सेंटिमीटरवर 500 चढ म्हणजे 150 मीटर उंची. कंटाळवाणं आहे, हे लपवत नाही.

आठवडे कसे लावले

75 किलोच्या माणसासाठी सुरुवात 8 किलोने. दर आठवड्याला 2 किलो वाढ, प्रत्येक चौथ्या आठवड्यात वजन आणि वेळ दोन्ही एक तृतीयांश कमी. बाराव्या आठवड्यापर्यंत 24-26 किलो गाठतं. त्यानंतर वजन वाढवत नेण्यात अर्थ नाही, वाढवायचा तो चढ-उतार. आठवड्यात ओझ्याचे दिवस दोनच, त्यातही जड एकच. बाकी दोन-तीन दिवस वजनाशिवाय 45 ते 75 मिनिटं, पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या वेगाने. ही संथ चाल लोकांना वेळेचा अपव्यय वाटते आणि तिथेच तयारी फसते, कारण दिवसभर चालण्याची ताकद याच संथ तासांत तयार होते. शेवटचे दोन आठवडे एकूण काम निम्म्यावर आणा, खोक्याचा व्यायाम दहा दिवस आधी बंद करा.

मधल्या तपासणीसाठी अमेरिकेतल्या वणवा विझवणाऱ्या कर्मचाऱ्यांची चाचणी वापरता येते : 45 पाउंड (20 किलो), सपाटीवर 3 मैल, 45 मिनिटांत, न धावता. चौदाव्या आठवड्यात करून बघा, पण 50 मिनिटं लागली तरी चालेल. वेळ गाठायचा हट्ट धरला की नडगीचा पुढचा स्नायू आखडतो आणि आठवडा वाया जातो.

डोंगर जवळ नसेल तर ट्रेडमिलवर 15 टक्के चढ, ताशी 4 किलोमीटर, म्हणजे तासाला जवळपास 600 मीटर चढाई. कठड्याला हात लावला की हिशेब खोटा ठरतो. टाच सतत ताणलेली राहते, म्हणून घोट्यामागची शीर दुखायला लागते. 10 टक्क्यांपासून सुरू करा. आणि ट्रेडमिलवर उतार नाही, तो खोक्यावरच भरून काढायचा. कोलोरॅडोत असाल तर मॅनिटू इन्क्लाइन हे ठिकाण तयारच आहे : 2700 पेक्षा जास्त पायऱ्या, एका मैलाच्या आत सुमारे 2000 फूट चढ. आधी मोफत नोंदणी करावी लागते, आणि उतरायचं बार ट्रेल नावाच्या पायवाटेने, जे आपल्याला हवंच आहे. आतकरवाडीतून सिंहगड चढलेल्यांना अंदाज येईल, उंची जवळपास तेवढीच, फक्त पिठलं-भाकरी नाही आणि हवा विरळ.

विरळ हवेचं मात्र वाळूने काही होत नाही. 10,000 फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्केच असतो. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधून थेट येणाऱ्याने एक रात्र डेन्व्हरच्या उंचीवर (5,280 फूट), एक-दोन रात्री 8,000 च्या आसपास आणि मग वरचा तळ, असं करावं. 10,000 च्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत 1,600 फुटांपेक्षा जास्त वाढवू नये. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर जायचं नाही, वाढत असेल तर खाली यायचं. उत्तम तब्येतीच्या माणसालाही हे होतं. औषधाबद्दल डॉक्टरांशी हंगामाच्या महिनाभर आधी बोलून घ्या.

पट्टा, बूट आणि उरलेलं

मनगटावरचं घड्याळ काठ्या वापरताना चुकीची हृदयगती दाखवतं, हाताच्या पकडीमुळे. छातीचा पट्टा नीट दाखवतो, पण सॅकच्या छातीच्या पट्ट्याखाली येऊ देऊ नका, दोन बोटं खाली ठेवा. महिन्यातून एकदा तीच टेकडी, तेच वजन, तीच हृदयगती ठेवून किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. दोन तासांच्या संथ चालीत दुसऱ्या तासाची सरासरी पहिल्यापेक्षा 5 टक्क्यांहून जास्त वर जात असेल तर पाया अजून कच्चा आहे, वजन वाढवायची घाई करू नका.

बूट जूनपासूनच वापरात हवेत. नखं कापलेली, टाच धरून ठेवणारी नाडीची वरची गाठ, लोकरीचे मोजे. उतारावर अंगठ्याचं नख काळं पडतं ते बुटाची पुढची जागा कमी असल्यामुळे, अर्धा नंबर मोठा घ्या. टाच गरम वाटली की त्याच क्षणी चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर नाही. खाण्यात तासाला 40-60 ग्रॅम कर्बोदकं, शेंगदाण्याची चिक्की हे काम कुठल्याही महाग जेलइतकंच करते आणि थंडीत गोठत नाही.

24 आठवड्यांनंतरची अवस्था : सॅकची शिवण शाबूत, फ्रेम सरळ, बेल्टचा फोम उजव्या बाजूला दबलेला, एका पट्ट्याचं टोक उसवलेलं (मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून बंद केलं). कॅनच्या झाकणातून सोळाव्या आठवड्यापासून पाणी झिरपतं, झाकणाखाली नळवाल्यांची पांढरी टेप गुंडाळली की थांबतं. पट्ट्याची बॅटरी एकदा बदलली. वाळूच्या पाचपैकी तीन पुरचुंड्या पुन्हा बांधाव्या लागल्या. पाठीचे पट्टे घामाच्या मिठाने कडक होतात, महिन्यातून एकदा कोमट पाण्यात साबणाशिवाय चोळून सावलीत वाळवा. खोक्याला काहीही झालेलं नाही.