हिवाळ्यातली किनारवाट: स्टेथ्स–व्हिटबी की इली–क्रेल?

डिसेंबर-जानेवारीतला एकच दिवस मोकळा असेल, कोळ्यांच्या गावांतून चालायचं असेल आणि वाटेत जुन्या पबात टेकायचं असेल, तर ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्यावरचे दोन पट्टे विचारात घेण्याजोगे आहेत. एक यॉर्कशरचा, स्टेथ्स ते व्हिटबी, क्लीव्हलँड वे या पायवाटेवरचे सुमारे १८ किलोमीटर. दुसरा स्कॉटलंडमधल्या फाइफचा, इली ते क्रेल, फाइफ कोस्टल पाथवरचे सुमारे १६.

पबांपुरतं बोलायचं तर यॉर्कशर सरस. स्टेथ्सचा कॉड अँड लॉब्स्टर अगदी धक्क्यालगत आहे. १९५३च्या वादळात समुद्राने तो फोडला होता. पुढे रन्सविक बेला रॉयल हॉटेल, सँडसेंडला हार्ट इन आणि शेवटी व्हिटबीत १९९ पायऱ्यांच्या पायथ्याशी ड्यूक ऑफ यॉर्क. हातपंपाने ओढलेली एल, म्हणजे पारंपरिक बिअर, इथे गृहीत धरावी, फाइफमध्ये ती सगळीकडे मिळेलच असं नाही. दोन्हीकडे हिवाळ्यात मधल्या वारी स्वयंपाकघर बंद असू शकतं, तेव्हा आदल्या दिवशी फोन केलेला बरा.

यॉर्कशरचं घोडं अडतं ते चिखलापाशी. कड्यांच्या माथ्यावर हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेली चिकणमाती आहे. तिच्यात पाणी मुरत नाही, आणि हिवाळ्यातलं तिरपं ऊन ती सुकवू शकत नाही. वाट अरुंद, एका हाताला शेताचं तारेचं कुंपण, दुसऱ्या हाताला कडा. त्यामुळे सगळे त्याच पट्ट्यावरून जातात आणि तो तुडवून राबडी होतो. माती बुटाच्या खाचांत भरली की तळ गुळगुळीत होतो आणि उतारावर पाय ठरत नाही. रन्सविकच्या पुळणीवरून घळीतून वर जाणाऱ्या पायऱ्या त्यात सगळ्यात त्रासदायक. शिवाय उधाणाच्या भरतीला तिथली पुळणच बुडते, म्हणजे घळीच्या तोंडाशी पोचायलाही ओहोटी साधावी लागते. नैर्ऋत्येचा वारा असेल तर तो समुद्राकडे ढकलतो, आणि पायाखाली निसरडं असताना ते नको वाटतं.

चिखलाने वेळही खाल्ला जातो. उन्हाळ्यात पाच तासांत होणारी चाल माझ्या अंदाजाने साडेसहावर जाते, आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात व्हिटबीला पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. रन्सविक ते सँडसेंड या ८ किलोमीटरांत पब नाही, मुख्य रस्ताही लांब. एकदा रन्सविक सोडलं की पुढे जाणंच भाग. पबात बसायला अर्धा तास उरतो, तोही घड्याळाकडे बघत.

फाइफची वाट खाली, जवळजवळ भरतीरेषेलगत जाते: गवत, कातळ, गावातल्या फरसबंद गल्ल्या. चिखल इथेही आहे, विशेषतः केप्ली गुहांच्या आसपास, पण बाजूने जाता येतं आणि घसरलात तर गवतावर. गावं जवळजवळ आहेत. इली ते सेंट मोनन्स ४ किलोमीटर, पुढे पिटनवीम अडीच, अँस्ट्रदर अडीच, आणि शेवटचा क्रेलपर्यंतचा तुकडा साडेसहा. ९५ क्रमांकाची बस पाचही गावांतून जाते, त्यामुळे अंधारून आलं की जिथे असाल तिथे चाल थांबवता येते. किनारा आग्नेयेकडे तोंड करून असल्याने ऊन असेल तर अंगावर राहतं, आणि इलीहून निघाल्यास नैर्ऋत्येचा वारा पाठीशी. पूर्वेचा वारा असेल तेव्हा मात्र हे गणित उलटतं.

भरतीची मेख एकच: सेंट मोनन्सला चौदाव्या शतकातल्या चर्चच्या भिंतीखालची वाट पाण्याखाली जाते. आतून वळसा आहे, फार लांबचा नाही. इलीच्या पश्चिमेची साखळ्या धरून जायची कातळवाट या चालीत येत नाही आणि हिवाळ्यात तिच्या नादी लागूही नये.

फाइफची खरी उणीव म्हणजे सगळ्यात नामांकित पब, इलीचा शिप इन, सुरुवातीलाच येतो. जेवणासाठी अँस्ट्रदरचं ड्रील टॅव्हर्न धरावं. क्रेलला गोल्फ हॉटेल आहे. शाकाहारींनी नुसतं ‘सूप’ मागवू नये. ते कलन स्किंक असू शकतं, म्हणजे धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा आणि दूध.

आठवडाभर कडाक्याची थंडी पडून जमीन गोठलेली असेल, तर यॉर्कशर जरूर निवडा. कड्यांवरून दिसणारा समुद्र फाइफला नाही. एरवी मी इलीला साडेनऊच्या आत निघेन आणि अँस्ट्रदरला दीड वाजून गेला असेल तर क्रेलपर्यंत बसने जाईन.