घरी इतिहास शिकवताना: पुस्तक, विकतचा कोर्स की आपलाच एक प्रश्न?

आमच्या सोसायटीतली एक मैत्रीण या जूनपासून मुलाला घरीच शिकवणार आहे. मुलगा अकरा वर्षांचा. गणित-विज्ञानाचं तिचं ठरलंय, गाडी अडलीये इतिहासापाशी. "अगं धडा वाचू, प्रश्नोत्तरं लिहून घेऊ, पण मग शाळेत वेगळं काय होत होतं?" हा तिचा सवाल आणि तो बरोबरच आहे. तिला मुलाला शोधायला शिकवायचंय, म्हणजे त्याने स्वतः माहिती काढावी, पडताळावी आणि आपल्या शब्दात लिहावी. मी तिला उत्तर टाइप करायला घेतलं ते इतकं लांबलं की म्हटलं नीटच लिहून काढू, अजून कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमची लेक बारा वर्षांची, घरी शिकण्याचं तिचं हे तिसरं वर्ष. बहिणीचा मुलगा तेराचा, नवी मुंबईत नेरूळला राहतो, शाळेत जातो पण सुट्टी लागली की आमच्याकडे ठाण्याला नौपाड्यात पडीक, त्यामुळे प्रयोगाला माझ्याकडे कायम दोन गिऱ्हाईकं असतात. आम्ही तीन प्रकार करून बघितले. बालभारतीचं पुस्तक धरून चालणं, ऑनलाइन घेतलेला परदेशी कोर्स, आणि एकच प्रश्न पकडून महिनाभर त्याच्या मागे लागणं. आता हे तीन प्रकार हवेत कसे तोलणार, म्हणून तिघांपुढे एकच विषय ठेवते, आपल्या ठाणेकरांचा लाडका: १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर (आजच्या सीएसएमटीपाशी) ते ठाणे आगगाडी.

पुस्तकात ही गाडी ओळ-दोन ओळीत येते आणि धडधडत निघून जाते. त्यात पुस्तकाची चूक नाही, त्याला अख्खा काळ बसवायचा असतो. पुस्तकाची जमेची बाजू मोठी आहे, पीडीएफ फुकट मिळते, क्रम आयता मिळतो (सहावीला प्राचीन, सातवीला मध्ययुगीन, आठवीला आधुनिक), आणि मराठीतले शब्द मिळतात, जे नंतर फार कामाला येतात. शिवाय सहावी, सातवी, आठवी तिन्ही पुस्तकांत "इतिहासाची साधने" म्हणून धडा आहे, जो आपण सगळ्यांनी लहानपणी दोन मार्कांचा म्हणून उडवला होता. माझ्या मते आख्ख्या पुस्तकात तोच धडा महत्त्वाचा. आम्ही काय केलं, तो आधी नीट वाचला आणि मग वर्षभर कुठलाही धडा झाला की त्यातली पाच वाक्यं निवडायची आणि प्रत्येकापुढे पेन्सिलीने लिहायचं, "हे कशावरून?" भौतिक साधन असेल तर भौ, लिखित असेल तर लि, मौखिक तर मौ. वीस मिनिटांचं काम आहे. सुरुवातीला लेक सगळीकडे "लि" ठोकायची, मग एकदा अंबरनाथच्या देवळातला शिलालेख आला, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा, तेव्हा अडली. दगड आहे म्हणजे भौतिक, पण त्यावर लिहिलंय म्हणजे लिखित, मग टाकू कुठे? अर्धा तास वाद. इतिहासावरून घरात झालेला तो पहिला वाद आणि मला फार बरं वाटलं.

पण पुस्तकाची एक अडचण काही केल्या सुटत नाही. ते एकाच आवाजात बोलतं. दोन माणसं दोन गोष्टी सांगतायत असं तिथे क्वचितच दिसतं, आणि ते दिसल्याशिवाय मूल पडताळणार काय आणि कशाशी?

आता कोर्स. हा आम्ही एक वर्ष घेतला होता, नाव सांगत नाही. इंग्रजीतला, इजिप्त, रोम, युरोपातले सरदार, अमेरिकेतल्या वसाहती असा सगळा मामला, फी ऐकून नवऱ्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. विषय बदलून मिळतील का म्हणून मेल केला तर उत्तरात परत माहितीपत्रकच आलं. तरी खोटं कशाला बोलू, त्यातून एक गोष्ट आम्ही उचलली ती आजही चालू आहे, कार्डांची. एका कार्डावर एकच माहिती, खाली ती कुठून घेतली आणि पान नंबर, आणि कार्डामागे आपली शंका. स्टेशनरीच्या दुकानात कोरी कार्डं मिळतात, त्यासाठी कोर्स लागत नाही हे वर्ष संपल्यावर कळलं. कोर्सची खरी गोम अशी की शोधण्याचं नाव असतं पण शोधायला काही ठेवलेलंच नसतं. दोन उतारे छापून देतात, "दोघांत फरक काय ते लिहा" म्हणतात आणि मागे उत्तरं आहेतच. लेक आठवड्याभरात हुशार झाली, आधी मागचं पान बघायची. त्यात ती विचार करते मराठीत आणि लिहिणार इंग्रजीत, त्यामुळे वाक्यं सगळी शाळेच्या निबंधासारखी ताठ. आपली आगगाडी तर त्या कोर्समध्ये येणार कुठून, मीच त्यांच्या कोऱ्या तक्त्यात ती बसवली, आणि गंमत म्हणजे तक्ता मस्त चालला. पण मग पैसे तक्त्याचेच दिले म्हणायचे.

हां, तुम्ही दोघंही नोकरी करत असाल, संध्याकाळी साडेआठला कळव्याच्या पुढे लोकल अडकलेली असेल आणि मूल इंग्रजी सहज वाचत असेल, तर कोर्स तुमचा रोजचा तास वाचवतो हे खरंय. त्याला मी नावं ठेवणार नाही.

तिसऱ्या प्रकाराबद्दल जास्त लिहिणार आहे कारण माझा जीव त्यात आहे.

सुरुवात अगदी फालतू प्रश्नाने झाली. भाचा म्हणाला पहिल्या गाडीला १४ डबे होते, लेक म्हणाली १३. दोघांनीही मोबाईलवरच वाचलं होतं, आणि दोघंही खरं बोलत होते, कारण दोन्ही आकडे सगळीकडे लिहिलेले सापडतात. मी म्हटलं ठीक, महिनाभर आपला विषय हाच. मग कार्डं पडायला लागली. साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, सगळ्यांचं एकमत. सुमारे ४०० पाहुणे, एकमत. २१ तोफांची सलामी, एकमत. अंतर २१ मैल म्हणजे ३४ किलोमीटर. वेळेला मात्र परत फाटे, कुठे ५७ मिनिटं तर कुठे सव्वा तास. भाचा म्हणाला, "मावशी, म्हणजे आजच्या स्लो लोकलएवढाच वेळ!" आणि खरंच सीएसएमटीहून ठाण्याला स्लो लोकलला साधारण तासभरच लागतो. या एका वाक्याने त्याला १८५३ साल जवळचं वाटायला लागलं.

मग खरा धडा आला. लेकीने १४ डब्यांची अकरा कार्डं केली आणि जाहीर केलं की अकरा विरुद्ध चार, मी हरले, १४ जिंकले. मी तिला ती अकरा पानं शेजारी शेजारी उघडून वाचायला लावली. त्यातली आठ तर शब्दाला शब्द सारखी होती, एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी उचललं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग आठ कार्डांना एक रबरबँड लावला आणि वर लिहिलं "हे सगळे मिळून एक". माझ्या दृष्टीने त्या महिन्यात एवढं एकच झालं असतं तरी पुरे होतं.

"पहिली" या शब्दाचंही असंच झालं. भारतातली पहिली रेल्वे असं आम्ही बिनधास्त म्हणत होतो, तर मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच दगड वाहायला रेल्वे होती आणि रुरकीला १८५१ मध्ये सोलानी जलसेतूच्या कामावर इंजिन चाललं होतं. भाच्याचं तोंड पडलं, ठाण्याचा मान गेला म्हणून. मग सापडलं की आपली गाडी पहिली प्रवासी गाडी. त्याने वहीत "प्रवासी" शब्द तीनदा अधोरेखित केला. तीन अक्षरांनी वाक्य खोट्याचं खरं होतं हे कुठल्या तक्त्यातून शिकवणार?

साधनं कुठे मिळतात हा पुढचा प्रश्न, तर ठाण्यात राहून रडायचं कारण नाही. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आपल्या गावात आहे. ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं इंग्रजी गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) इंटरनेटवर वाचता येतं, भाषा जुनी आहे, ते आपण आधी चाळून एखादा परिच्छेद मुलांपुढे ठेवायचा, सगळं त्यांच्यावर टाकू नका. आणि गोविंद नारायण माडगांवकरांचं मुंबईचं वर्णन आहे १८६३ चं, त्यात आगगाडीबद्दलही लिहिलंय. त्यावरून आमच्याकडे चर्चा रंगली की हा माणूस त्याच काळात मुंबईत राहणारा, पण पुस्तक आलं दहा वर्षांनी, मग याला प्रत्यक्षदर्शी म्हणायचं का? मी उत्तर दिलं नाही, त्यांनीच "जवळचा साक्षीदार" असा एक नवीन गट काढला. नाव चुकीचं असेल, विचार बरोबर आहे.

नवी मुंबईत राहणाऱ्यांना वाटतं आमच्याकडे कुठला इतिहास, सगळं सिडकोने १९७० नंतर बांधलेलं. उलट तुमच्याकडे मौखिक साधनं अजून चालती-बोलती आहेत, आम्हा ठाणेकरांना १८५३ चं माणूस कुठून मिळणार? ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं, जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या जासईच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, साडेबारा टक्के (गेलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळणारा भूखंडाचा वाटा) हा शब्द तिथल्या गावठाणात पोराटोरांना माहितीये. भाच्याने बहिणीच्या ओळखीतल्या एका आगरी आजींची मुलाखत घेतली. त्याने विचारलं तुमची शेती कधी गेली, त्या म्हणाल्या पूल झाला तेव्हा, थोरला नुकता चालायला लागलेला. यांनी पटकन पूल शोधला आणि लिहिलं १९९७. आजींना वाचून दाखवलं तर त्या खो खो हसायला लागल्या, तेव्हा तर थोरल्याला पोरं झालेली! आजींचा पूल म्हणजे वाशीचा जुना खाडीपूल, १९७३ चा, आणि १९९७ चा तो नवा. अरे बाबा, वर्षं आकड्यात सांगत नाहीत लोक, पूल, लग्न, बाळंतपण यात सांगतात, आणि कुठला पूल हे विचारायचं राहिलं की चोवीस वर्षांचा घोळ. मुलाखतीच्या कार्डावर आता त्यांचा ठरलेला रकाना आहे, "तेव्हा घरात अजून काय चाललं होतं?"

या प्रकाराचा तोटा लपवत नाही. आईबापाचा वेळ जातो, आठवड्याला चार-पाच तास तरी धरा, त्यातला एक तुमच्या स्वतःच्या वाचनाचा. क्रमाचा पार बोऱ्या वाजतो, महिनाभर १८५३ मध्ये बसलात तर अशोक राहतो, अकबर राहतो. आणि प्रश्न चुकीचा निवडलात तर सगळंच फसतं. "ब्रिटिशांनी भारतात काय केलं" असला अवाढव्य प्रश्न घेतला की पोरं इंटरनेटवरून चार पानं उतरवून देतात. "ठाण्याचा किल्ला दाखव" हा हट्टही आम्ही करून बघितला, पण तिथे आता मध्यवर्ती कारागृह आहे, बाहेरून भिंत बघून आणि वडापाव खाऊन परत आलो. प्रश्न असा हवा की एका वाक्यात मावेल, निदान तीन वेगळी साधनं हाताला लागतील आणि त्यातली दोन एकमेकांशी भांडतील.

परीक्षेचं म्हणाल तर ते टेन्शन आत्ताच घेऊ नका. एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) मुक्त बेसिक शिक्षणात आठवीच्या तोडीची पातळी आहे आणि दहावीची परीक्षा चौदा पूर्ण झाल्यावर देता येते, म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाकडे वेळ आहे. पण मधली दोन-तीन वर्षं पुस्तक पूर्ण सोडलं तर तेव्हा धावपळ होणार हेही तितकंच.

तर मैत्रिणीला माझं म्हणणं असं: दहा-अकराच्या मुलाला पुस्तकच कणा ठेव, "हे कशावरून" ची पेन्सिल चालव, आणि सहामाहीत एकच छोटा प्रश्न घे, तोही शक्यतो घरातल्या आजी-आजोबांना विचारता येईल असा. बारा-तेराला उलटं कर, प्रश्न पुढे आणि पुस्तक मागे, कालपट्टी भिंतीवर लाव म्हणजे क्रम सुटणार नाही. दोन वयांची मुलं असतील तर प्रश्न एकच दे, धाकट्याने फक्त कोण काय म्हणतंय ते लिहायचं, मोठ्याने कोणाचं ऐकायचं आणि का ते. कोर्स मी पुन्हा घेणार नाही, कार्डं मात्र दहा पाकिटं आणून ठेव.

डब्यांचा निकाल लागला नाहीये अजून. लेकीच्या वहीत "१३ किंवा १४" असं पेन्सिलीत आहे, खोडायला सोपं जावं म्हणून.

आता जुलैत दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे घेतोय, बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाच्या प्रकरणात इंग्रजांनी त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं होतं, पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा, आणि सप्टेंबर १८१६ मध्ये ते निसटले. बाहेर एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता मराठीत गाणं म्हणायचा आणि त्यातून बेत कळवायचा, शिपायांना मराठीचा गंधही नाही, अशी गोष्ट आहे. कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर १८२५ मध्ये इकडे आला तेव्हा त्याने ते गाणं इंग्रजीत उतरवून ठेवलं, त्यात ५५ घोडे आणि ५४ माणसं आहेत, पंचावन्नावा स्वार म्हणजे त्र्यंबकजी. लेकीची दोन कार्डं आत्ताच तयार आहेत. एकावर लिहिलंय, "नऊ वर्षांनी गाणं कोणाला पाठ होतं?" आणि दुसऱ्यावर, "मराठी ओळी कुठे गेल्या?"