तुमचं पात्र नेमकं कोण? लोरप्रेमींसाठी तीन ऑनलाइन खेळांची तुलना

ऑनलाइन फँटसी खेळ निवडताना बहुतेक जण ग्राफिक्स, लढाई आणि मित्र कुठे खेळतात एवढंच बघतात. पण ज्याला त्या जगाचा इतिहास (लोर) उकरायचा आहे, आपलं पात्र त्या इतिहासात कुठे बसतं यावर मित्रांशी भांडायचं आहे, त्याची कसोटी वेगळी असते. 'मी कोण?' या प्रश्नाचं उत्तर खेळ स्वतः देतो का, तुमच्याकडूनच काढून घेतो का, की प्रश्न तसाच मोकळा ठेवतो? फायनल फँटसी १४, गिल्ड वॉर्स २ आणि एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन यांच्यातला खरा फरक इथे आहे. पुढे कथेतले काही मोठे उलगडे येतात. फायनल फँटसी कोऱ्या मनाने खेळायचा असेल तर त्याचा भाग सोडून पुढे जा.

फायनल फँटसी १४

मूळ खेळ २०१० चा. तो इतका फसला की २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये कथेतच डालामुद नावाचा चंद्र पाडून ते जग बंद केलं गेलं आणि २०१३ मध्ये 'अ रिअल्म रिबॉर्न' या नावाने नवा खेळ आला. जुन्या खेळाची कथा आता खेळता येत नाही. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीच्या प्रलयाबद्दल पात्रं बोलायला लागली की नवा खेळाडू गोंधळतो. तुमच्याकडून काही सुटलेलं नसतं. तो भाग खेळातून गेलेला आहे.

तुमचं पात्र म्हणजे 'वॉरियर ऑफ लाइट'. सुरुवातीला ही नुसती पदवी वाटते. २०१९ च्या 'शॅडोब्रिंगर्स' या एक्स्पान्शनपासून (मूळ खेळाला जोडून विकला जाणारा पुढचा भाग) खेळ गंभीरपणे सांगायला लागतो की तुमचा आत्मा कुठून आला. मूळ जगाचे चौदा तुकडे झाले: एक मुख्य आणि तेरा प्रतिबिंबं. सात प्रलयांत सात प्रतिबिंबं मुख्य जगात मिसळली, म्हणून मुख्य जगातल्या आत्म्यात चौदापैकी आठ हिस्से आहेत. आर्डबर्ट या एका प्रतिबिंब-जगातल्या वीराचा आत्मा तुमच्यात विलीन झाला की नऊ. चाहत्यांचे निम्मे वाद या हिशेबावर चालतात. चर्चेत उतरण्याआधी तो स्वतः मांडून पाहा. तेराव्या जगाची वेळेआधीच वाट लागली, ते मिसळलंच नाही, हे अनेक जण विसरतात आणि आकडा चुकवतात.

दुसरा मोठा वाद अझेम या प्राचीन पदाचा. तुमचा आत्मा एकेकाळी त्या पदावरच्या व्यक्तीचा होता हे खेळ मान्य करतो, पण तिचा चेहरा दाखवत नाही आणि खरं नावही सांगत नाही. मग तुम्ही अझेम आहात, की अझेमच्या आत्म्याचा वारसा असलेला दुसराच कुणी? कथेचा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, कारण आठवणी तुमच्याकडे येत नाहीत आणि निर्णय तुम्ही तुमच्या आयुष्यातून घेता. 'मी तोच जुना वीर' असं लिहिणाऱ्या खेळाडूंना खेळातला मजकूर फारसा आधार देत नाही. जाहिरातींत दिसणारा तपकिरी केसांचा माणूसही 'खरा' वॉरियर ऑफ लाइट नव्हे. तो प्रचारापुरता चेहरा आहे.

निर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाचं असं: फुकट चाचणी सत्तराव्या पातळीपर्यंत, म्हणजे 'शॅडोब्रिंगर्स'च्या आधीचं एक्स्पान्शन 'स्टॉर्मब्लड' संपेपर्यंत चालते आणि तिला वेळेची मर्यादा नाही. पण वरचे दोन्ही प्रश्न 'शॅडोब्रिंगर्स'मध्ये सुरू होतात. म्हणजे शेकडो तासांची कथा फुकट मिळते आणि ओळखीचा मुख्य धागा नेमका पैशांच्या पलीकडे राहतो. घाईने विकत घेतलं तर चाचणी खातं परत मिळत नाही आणि पहिले तीस दिवस संपले की दर महिन्याची वर्गणी लागते (मूळ दर १२.९९ डॉलर). तेव्हा 'स्टॉर्मब्लड' पूर्ण झाल्यावरच घ्या. त्या वेळी स्टार्टर एडिशन आणि सगळ्यात नवं एक्स्पान्शन एवढंच पुरतं, मधली वेगळी घ्यावी लागत नाहीत. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून सुरुवात केली तर पुढची खरेदीही स्टीमवरूनच करावी लागते.

नाव ठेवताना वंशाची रीत पाळली तर पात्र त्या जगातलं वाटतं. मिकोटे वंशातल्या 'सीकर ऑफ द सन' कुळात नावाआधी टोळीचं अक्षर येतं, जसं य'श्तोला. 'कीपर ऑफ द मून' कुळात मुलाचं नाव आईच्या नावाला प्रत्यय जोडून तयार होतं. नाव आणि आडनाव प्रत्येकी १५ अक्षरांपर्यंत, दोन्ही मिळून २०. रोगाडिन वंशाची लांबलचक नावं इथेच अडतात.

गिल्ड वॉर्स २

२०१२ च्या ऑगस्टमध्ये आलेला हा खेळ पात्र तयार करतानाच तुम्हाला प्रश्न विचारतो. मानव निवडला तर तुम्ही रस्त्यावर वाढलात, सामान्य घरात की सरदारांकडे? आयुष्यातली सल कोणती? सहा देवांपैकी कुणाचा आशीर्वाद? सुरुवातीच्या कथेतले प्रसंग या उत्तरांप्रमाणे बदलतात, आणि पुढे तुम्ही व्हिजिल, ड्युरमंड प्रायरी की ऑर्डर ऑफ व्हिस्पर्स यांपैकी कोणती संघटना निवडता यावरही. स्वतःचं चरित्र लिहून त्याला खेळाची दाद मिळावी असं वाटणाऱ्यासाठी या तिघांत हाच सगळ्यात चांगला. मात्र पुढे सगळे जण 'कमांडर' होतात आणि ती जुनी उत्तरं हळूहळू मागे पडतात. ही या खेळाची मोठी उणीव आहे.

अपवाद सिल्वारींचा. हा वनस्पतींपासून जन्मलेला वंश. 'हार्ट ऑफ थॉर्न्स' या एक्स्पान्शनच्या तोंडावर कळतं की ते मोर्ड्रेमॉथ या ड्रॅगनचे सेवक म्हणून घडले होते, आणि सिल्वारी खेळाडूच्या कानात त्याची हाक खरोखर येते. ओळखीच्या प्रश्नासाठी यायचं असेल तर सिल्वारीच घ्या. मानव किंवा नॉर्नसारखा दुसरा वंश घेऊन तोच भाग खेळला तर तो निम्म्याने फिका लागतो. वंश नंतर बदलता येत नाही, कितीही पैसे दिले तरी नाही. एक चूक वारंवार दिसते: चाळिशीतला अनुभवी सिल्वारी सेनानी. खेळातल्या कालगणनेत पहिले सिल्वारी १३०२ साली जागे झाले आणि खेळ १३२५ मध्ये सुरू होतो, म्हणजे त्या वेळी तेवीसपेक्षा जास्त वयाचा सिल्वारी असूच शकत नाही.

मूळ खेळ फुकट आहे, वर्गणी नाही. एक्स्पान्शन एकदाच विकत घ्यायची, पण दोन एक्स्पान्शनांमधली कथा सांगणारे 'लिव्हिंग वर्ल्ड'चे सीझन वेगळे घ्यावे लागतात आणि कथेची साखळी तिथेच तुटते. दुसरा आणि तिसरा सीझन टाळून थेट पुढच्या एक्स्पान्शनमध्ये गेलात तर सोबती कोण आणि ते तुमच्यावर का रागावलेत हेच कळणार नाही. पहिला सीझन २०१३ मध्ये तात्पुरता म्हणून आला आणि गायब झाला. २०२२ मध्ये तो कायमस्वरूपी परत आणला गेला. त्यामुळे त्याआधीच्या लेखांतला 'स्कार्लेटची (त्या सीझनमधल्या खलनायिकेची) कथा आता खेळता येत नाही' हा सल्ला आज लागू नाही.

एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन

वाद घालण्याची हौस असेल तर इथेच या. कारण इथला इतिहास कुणी सर्वज्ञ निवेदक सांगत नाही. तो खेळातली पुस्तकं सांगतात. त्या पुस्तकांना लेखक आहेत, लेखकांना वंश आहे, पक्ष आहे, अज्ञान आहे. एकाच लढाईची दोन वर्णनं एकमेकांना खोडतात आणि दोन्ही शेल्फवर शेजारी असतात. मालिकेने हे तत्त्व फार आधी पक्कं केलं: १९९६ च्या 'डॅगरफॉल'ला अनेक शेवट होते, आणि पुढच्या भागांनी त्यांतला एक निवडण्याऐवजी काळच तुटला आणि ते सगळे घडले असं ठरवलं. नाशिककरांना ही जातकुळी ओळखीची आहे. हनुमानाचं जन्मस्थान अंजनेरी की हंपीजवळचा अंजनाद्री, यावर २०२२ मध्ये नाशिकमध्ये शास्त्रार्थ मांडला गेला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या हातात ग्रंथच होते. इथेही 'पुस्तकात लिहिलंय' एवढ्याने वाद संपत नाही. कुणी लिहिलं, कुठल्या काळात, कुणासाठी, हे सांगावं लागतं.

खेळ २०१४ चा, कथा दुसऱ्या युगाच्या ५८२ व्या वर्षातली, म्हणजे याच मालिकेतल्या 'स्कायरिम'च्या साधारण साडेनऊशे वर्षं आधी. 'स्कायरिम'मधली माहिती पुरावा म्हणून आणताना हे अंतर ध्यानात ठेवा. तुमचं पात्र 'व्हेस्टीज': मानिमार्को या मांत्रिकाने मोलाग बाल या आसुरी देवासाठी आत्मा काढून घेतलेला मृत माणूस. त्यापलीकडे खेळ तुमच्याबद्दल जवळजवळ काहीच ठरवत नाही. पात्राला आवाजही नाही. ज्यांना स्वतःची पार्श्वभूमी पूर्ण मोकळेपणाने रचायची आहे त्यांना हे सोन्यासारखं, आणि ज्यांना खेळाने आपल्याला ओळखावं असं वाटतं त्यांना हे कोरडं वाटेल.

अडचण क्रमाची आहे. २०१६ च्या 'वन टॅमरियल' बदलानंतर कुठूनही कुठेही जाता येतं, त्यामुळे नवखा माणूस मधूनच एखादी कथा उचलतो आणि आत्मा हरवल्याचा मूळ प्रसंगच त्याला भेटत नाही. उपाय सोपा आहे. शिकवणीचा भाग संपला की आपलं पात्र ज्या आघाडीत (पक्षात) आहे तिच्या शहरात जा (डॅगरफॉल, डॅव्हन्स वॉच किंवा व्हल्केल गार्ड) आणि डोक्यावरून कपडा ओढलेली व्यक्ती भेटेल तिच्याकडून काम घ्या. मुख्य कथा तिथून सुरू होते. पुढे 'मोरोविंड', 'क्लॉकवर्क सिटी', 'समरसेट' या तिन्हींचा क्रम हाच ठेवा. तो एकच कट आहे, उलटा खेळलात तर शेवट आधी कळतो. रस्त्यात दिसलेलं पुस्तक सोडू नका. शालिडोरच्या संग्रहातल्या पुस्तकांनी मेजेस गिल्ड या जादूगारांच्या संघटनेतली तुमची पातळी वाढते, त्यामुळे वाचनाचा थेट फायदाही होतो.

नाशिकहून खेळताना

एल्डर स्क्रोल्स आणि गिल्ड वॉर्ससाठी युरोपचा सर्व्हर निवडा. चांगल्या फायबर लाइनवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) साधारण दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास राहतं, आणि कथेच्या भागात ते जाणवत नाही. लाल समुद्रातल्या केबल तुटल्या की ते बरंच वाढतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तसं झालं होतं. तेव्हा राउटर बदलण्यात पैसे घालू नका. वेळेचाही विचार करा. जर्मनी आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे आहे, म्हणजे अंबड किंवा सातपूरची दुसरी पाळी संपवून रात्री बारानंतर बसणाऱ्याला तिथली भरगच्च संध्याकाळ मिळते. फायनल फँटसीत जपानचे सर्व्हर उलट संध्याकाळी साडेपाच-सहालाच गजबजतात.

डिस्कवर गिल्ड वॉर्सला ७० जीबीच्या आसपास जागा पुरते, फायनल फँटसीला १४० लागते आणि एल्डर स्क्रोल्सलाही शंभराच्या वर. जुन्या लॅपटॉपवर हा फरक निर्णायक ठरू शकतो. वर्गणीबाबत एक सावधगिरी: २०२१ च्या ऑक्टोबरपासून कार्डावरच्या आपोआप वजावटीला ई-मँडेट (आगाऊ दिलेली परवानगी) लागतो आणि परदेशी वर्गण्या त्यात अडकतात. साठ दिवसांचं टाइम कार्ड घेतलं तर ही कटकट राहत नाही.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टची शिफारस लोरसाठी आज करता येत नाही. नव्या पात्राला खेळ थेट अलीकडच्या भागात नेतो, आणि ज्या कथांवर चाहते बोलतात त्यांचा मोठा हिस्सा २००२ च्या 'वॉरक्राफ्ट ३'मध्ये आहे. गेन्शिन इम्पॅक्टची लोर सखोल आहे, पण तिथे पात्र तयारच मिळतं आणि मुदतीच्या इव्हेंटमधली कथा मुदत संपली की जाते.

तर निवड अशी करा. आठवड्याला दोन-तीन तासच मिळत असतील, दर महिन्याला पैसे घालायचे नसतील, तर गिल्ड वॉर्स २ आणि सिल्वारी. वर्षभर एकाच मोठ्या कथेत राहायची तयारी असेल तर फायनल फँटसी. या तिघांत ओळखीच्या प्रश्नाला सगळ्यात खोल हात त्याने घातला आहे, आणि एकच खेळ निवडायचा असेल तर आमचं मत त्यालाच. वाचन आणि वाद हाच मुख्य आनंद असेल तर एल्डर स्क्रोल्स.

दोघं मिळून सुरू करणार असाल तर आधी हे ठरवा. एल्डर स्क्रोल्समध्ये एकाने काम पूर्ण केलं आणि दुसऱ्याने नाही, तर एकाच गावात दोघांना वेगळी दृश्यं दिसतात. सोबत राहायचं तर एकट्याने पुढे जायचं नाही. गिल्ड वॉर्समध्ये वंश वेगळे असतील तर सुरुवातीच्या कथाही वेगळ्या चालतात, म्हणून दोघांनी एकच वंश घ्या. फायनल फँटसीत कथेतल्या बऱ्याच लढाया एकट्यानेच कराव्या लागतात. तिथे सोबत खेळण्यापेक्षा समान टप्प्यावर थांबून बोलणं जमतं, आणि चर्चा सुरू करताना समोरचा कुठल्या पॅचपर्यंत (कथेच्या कुठल्या अपडेटपर्यंत) पोचलाय हे पहिल्यांदा विचारायचं.