जुनी ड्रेनेज लाइन, न खोदता लायनिंग: काम चांगलं, पण आधी हे वाचा

मुलुंडला आमची सोसायटी ७० च्या दशकातली, बिल्डिंगपासून रस्त्यावरच्या मोठ्या चेंबरपर्यंतची लाइनपण तेव्हाचीच, ६ इंची स्टोनवेअर, म्हणजे चिनी मातीचे पाइप. सारखी तुंबायची, तळमजल्यावरच्या काकूंच्या मोरीतून मैला वर यायचा, मग प्लंबर बोलवा, बांबूच्या पट्ट्या घाला, पैसे द्या आणि थोड्या दिवसांनी परत तेच. आधीचे कॉन्ट्रॅक्टर चेंबरमध्ये नुसते डोकावून थेट "सगळी लाइन उखडावी लागेल" म्हणायचे. लायनिंग, म्हणजे जुन्या पाइपाच्या आतच नवा पाइप तयार करणाऱ्या ह्या टीमने कोटेशन द्यायच्या आधी जेटिंग करून, म्हणजे जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने लाइन धुऊन, आत कॅमेरा सोडला, माझे अर्धे मार्क तिथेच.

स्क्रीनवर कमिटीला सगळं दाखवलं. पाइप स्वतः अजून धड आहे, चिनी माती ॲसिडला दाद देत नाही, पण हे पाइप दोन-दोन फुटी तुकड्यांत येतात त्यामुळे दर दोन फुटांवर सिमेंटचा एक जोड, आणि तेच जोड फुटलेत. त्यातून कंपाउंडच्या पिंपळाची मुळं आत शिरून नुसती जाळी झालेली, त्यात कागद, तेल, सगळं अडकतं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही तुंबलेलं काढत होतो, जोडांकडे कोणी बघितलंच नव्हतं.

काम असं की आधी कटरने मुळं कापली, मग रेझिनमध्ये (कडक होणारं चिकट रसायन) भिजवलेली फेल्टची नळी हवेच्या दाबाने आत उलटत नेली, पायमोजा उलटा करतात ना तसं, आणि वाफेने कडक केली. जुन्या पाइपाच्या आत नवा सलग पाइप, मध्ये जोडच नाही मग मुळं शिरणार कुठून! एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, काहीजण "आपल्यावर प्रयोग नको" म्हणत होते, पण लंडनमध्ये हे १९७१ मध्येच पहिल्यांदा केलं गेलंय. आतला व्यास थोडा कमी होतो, पण गुळगुळीत असल्याने पाणी अडत नाही.

सगळ्यात आवडलं ते हे की गेटजवळचा तुकडा टँकरच्या वजनाने खचलाय, तिथे लायनिंगचा उपयोग नाही कारण लायनर, म्हणजे ती आतली नळी, जुन्या पाइपाचाच आकार घेतो, खड्डा तसाच राहणार, हे त्यांनी आपणहून सांगितलं. तेवढाच भाग खोदून नवीन पाइप टाकला, बाकीच्या पेव्हर ब्लॉकला हात लागला नाही.

आणि एकाही माणसाला चेंबरमध्ये उतरवलं नाही. आधीचा एक कॉन्ट्रॅक्टर "माणूस उतरवतो, पटकन होईल" म्हणाला होता, त्याला आम्ही तिथूनच परत पाठवलं. हाताने मैला सफाईवर बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे, गटारात मृत्यू झाला तर ३० लाख भरपाई द्या असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय, तरी लोक माणसं उतरवतात ह्याचा खरंच संताप येतो. सोसायटीवाल्यांनी हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

आता तक्रारी. रेझिनचा वास भयंकर, तळमजल्यावर दोन दिवस डोळे चुरचुरत होते. नहाणी ट्रॅप (मोरीच्या जाळीखालचा, वास अडवायला पाणी साठून राहतं तो भाग) कोरडे पडले की वास घरात येतो, आदल्या रात्री प्रत्येक ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओता असं त्यांनी सांगायला हवं होतं, ते आम्हाला नंतर कळलं. दुसरं, लायनर टाकल्यावर मध्ये येऊन मिळणाऱ्या लाइनींची तोंडं बंद होतात, ती आतून रोबोट कटरने परत कापतात, त्यात काकूंच्या बाथरूमचं तोंड राहून गेलं आणि पाणी तुंबलं. फोन केल्यावर लगेच येऊन कापलं, पण आधीच्या व्हिडिओवरून प्रत्येक तोंडाचं अंतर मोजून लिहिलेलं असतं तर हे झालंच नसतं. त्या वयात काकूंना दुसऱ्यांच्या घरी आंघोळीला जावं लागलं.

रेट स्वस्त नाही, आम्हाला सिंकिंग फंडाला, म्हणजे मोठ्या कामांसाठी साठवलेल्या पैशाला, हात घालावा लागला. पण पूर्ण आवार खोदून परत बसवायचा खर्च धरला तर हेच कमी खर्चात पडलं. पाच पैकी चार स्टार. काम घ्याल तर शेवटचं पेमेंट कामानंतरचा कॅमेरा व्हिडिओ स्वतः बघून, सगळी तोंडं उघडी आहेत ना हे मोजून मगच द्या.